भिंतीमागची माती : गोदाम बांधणाऱ्या व घेणाऱ्या बंधूंसाठी

गोदाम घ्यायचे म्हटले की आपण व्यापारी माणसे काय पाहतो? ट्रक दारापर्यंत येतो की नाही, भाडे किती, अनामत किती, पत्रा गळतो का, विजेचे मीटर वेगळे आहे का. फार तर मान वर करून छत पाहतो. मागच्या भिंतीकडे कोणी पाहत नाही, आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे हे तर विचारतही नाही. उतारावरच्या वस्तीत, तळघरात, रस्त्याच्या पातळीखालच्या गाळ्यात एक तरी भिंत अशी असते की तिच्या पाठीला माती टेकलेली असते. ही माती मुकाट बसलेली दिसते, पण ती रात्रंदिवस भिंतीला ढकलत असते.

हा विषय इंजिनिअर लोकांचा, कापडवाल्याने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की हा धडा मी पदरचे पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मी उतारावरचे एक गोदाम भाड्याने घेतले होते. मागे दहा फूट उंचीची दगडी भिंत, तिच्यामागे माती. भिंतीत ठिकठिकाणी पाइपाचे तुकडे बसवलेले होते. पावसाळ्यात त्यांतून तांबूस पाणी ठिबकायचे आणि खालच्या गाठींना डाग पडायचे. मी गवंड्याला बोलावले, सगळी भोके सिमेंटने बुजवून घेतली, वरून प्लास्टर मारले, चुना दिला. गोदाम कोरडे झाले. मी खूश झालो.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आले. मुनीमजींनी दोनदा सांगितले. मी म्हणालो, सीझन संपू द्या, मग बघू. सीझन संपायच्या आधी एका रात्री भिंत आत आली. दोन हमाल रोज त्याच भिंतीला लागून झोपत असत. ते त्या दिवशी गावी गेले होते म्हणून वाचले, अल्लाहचा शुक्र आहे. माझा माल चिखलात गेला त्याचे एवढे दुःख नव्हते. पण त्यात दुसऱ्याच्या मालकीचे, माझ्याकडे अमानत म्हणून ठेवलेले कापडही होते. ते भरून देण्यात दोन वर्षे गेली. नंतर एका इंजिनिअर साहेबांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला, तेव्हा कळले की भिंत मातीने पाडली नव्हती. ती मी बुजवलेल्या भोकांनी पाडली होती. तो हिशोब आपल्या बंधूंपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

ताक्यांची थप्पी आणि मातीचा ढीग

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. सुती गाड्याचे ताके एकावर एक रचले तर थप्पी सरळ उभी राहते. बाजूच्या फळीला तिचा फारसा भार लागत नाही, कारण खरबरीत कापड एकमेकाला धरून ठेवते. तीच थप्पी गुळगुळीत पॉलिएस्टरच्या ताक्यांची करा. ताके घसरू लागतात आणि सगळा रेटा बाजूच्या फळीवर येतो. दोन्ही थप्प्यांचे वजन एकच असले तरी बाजूला येणारा दाब वेगळा, कारण आतल्या पकडीत फरक आहे.

मातीचेही असेच आहे. धान्यबाजारात ज्वारीचे पोते जमिनीवर ओता. ज्वारी पाण्यासारखी पसरत नाही, भिंतीसारखी उभीही राहत नाही. तिचा ढीग होतो आणि त्याच्या उताराचा एक ठराविक कोन बनतो. कोरडी वाळू साधारण तीस अंशांच्या आसपासच्या उतारावर थांबते. कणाची कणाला जी पकड आहे, तिचे हे माप समजा. त्या उतारापेक्षा माती सरळ उभी करायची तर तिला कोणीतरी धरून ठेवले पाहिजे. हे धरून ठेवण्याचे काम भिंत करते. भिंत मातीचे सगळे वजन पेलत नाही. जो भाग स्वतःच्या पकडीने थांबत नाही, तेवढ्याचाच रेटा तिच्यावर येतो.

हा विचार हिशोबात प्रथम नीट बसवला तो शार्ल कूलोम या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने. विजेच्या अभ्यासामुळे त्याचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याआधी तो वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर सुमारे आठ वर्षे किल्ला बांधत होता. तटाच्या भिंती किती जाड ठेवायच्या, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. परत आल्यावर त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला आणि तो १७७६ मध्ये छापला गेला. त्याचे म्हणणे असे की भिंत किंचित हलली की तिच्यामागे पाचरीच्या आकाराचा मातीचा तुकडा सुटतो आणि खाली घसरू पाहतो. त्या पाचरीचे वजन, तिच्या तळाची पकड आणि भिंतीचा आधार, या तिघांचा मेळ घातला की दाब निघतो. पुढे १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या रँकिनने याच प्रश्नासाठी सोपी सूत्रे दिली. ती आजही कॉलेजात शिकवतात.

दहा फुटी भिंतीचा हिशोब

आता आकडे घेऊ. एक घनमीटर मातीचे वजन साधारण १.८ टन धरू. भिंत ३ मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट उंच. तळाशी मातीचा उभा भार प्रत्येक चौरस मीटरवर ३ गुणिले १.८, म्हणजे ५.४ टन. ज्या मातीच्या पकडीचा कोन तीस अंश आहे, तिच्या बाबतीत या उभ्या भाराचा एक तृतीयांश भाग आडवा दाब म्हणून भिंतीवर येतो. म्हणजे रुपयातले तेहतीस पैसे. तळाशी हा दाब १.८ टन, माथ्याशी शून्य. सरासरी ०.९ टन, उंची ३ मीटर. म्हणून भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर २.७ टन रेटा. गोदामाची मागची भिंत तीस फूट, म्हणजे ९ मीटर लांब असली तर एकूण रेटा चोवीस टनांहून जास्त झाला. दहा टनी दोन भरलेले ट्रक भिंतीला पाठीमागून ढकलत आहेत असे समजा. हा कोरड्या दिवसातला हिशोब आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, हा एक तृतीयांशाचा हिशोब भिंत किंचित पुढे झुकू शकते तेव्हाचा आहे. घट्ट वाळूच्या बाबतीत उंचीच्या हजाराव्या भागाइतके, म्हणजे दहा फुटाला तीन मिलिमीटर सरकणेही पुरते. तेवढे हलल्यावर मातीची आतली पकड जागी होते. तळघराची भिंत मात्र वर स्लॅबने आणि खाली फरशीने जखडलेली असते. ती हलू शकत नाही, म्हणून तिच्यावर एक तृतीयांशाऐवजी जवळपास निम्मा भार येतो. २.७ ऐवजी ४ टन. म्हणून तळघराची भिंत बाहेरच्या भिंतीच्या मापाने बांधू नये.

दुसरी गोष्ट उंचीची. भिंत दहाऐवजी वीस फूट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. भिंतीला उलथवणारा जोर तर आठपट होतो. दहा फुटी भिंत टिकली म्हणून तिच्यावर आणखी पाच फूट वाढवून मागे भराव टाकणारे लोक हे विसरतात.

खरा दुश्मन पाणी

मातीला पकड आहे, पाण्याला नाही. पाणी म्हणजे पूर्ण गुळगुळीत माल. त्याचा जेवढा दाब खाली, तेवढाच आडवा. रुपयातले तेहतीस पैसे नव्हे, पूर्ण रुपया.

तीच दहा फुटी भिंत घ्या. मागची माती माथ्यापर्यंत पाण्याने भरली असे समजू. पाण्यात बुडालेल्या मातीचे वजन हलके होते, घनमीटरला साधारण एक टन. म्हणून मातीचा रेटा २.७ वरून १.५ टनांवर उतरतो. पण आता पाणी स्वतः ढकलू लागते आणि त्याचा रेटा ४.५ टन भरतो. बेरीज ६ टन. कोरड्या दिवसाच्या दुपटीहून जास्त. आपल्या तीस फुटी भिंतीवर चोवीस टनांच्या जागी चोपन्न टन. भिंत तीच, माती तीच. फक्त पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही.

मी ज्या भोकांना घाण समजून बुजवले, त्यांना गवंडी व इंजिनिअर वीप होल म्हणतात. त्यांतून ठिबकणारे पाणी ही भिंतीची तक्रार नव्हती, तिच्या तब्येतीची खूण होती. मी भिंतीचे नाक दाबून धरले आणि प्लास्टर छान झाले म्हणून गवंड्याला चहा पाजला.

पाणी मातीत शिरल्यावर कणांची पकड का कमी होते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला, आणि त्या कामाचा मोठा भाग इस्तंबूलमध्ये झाला हे आपल्या वाचकांना वाचून बरे वाटेल. कार्ल तेर्झागी हा ऑस्ट्रियाचा इंजिनिअर १९१६ मध्ये उस्मानी सल्तनतीच्या राजधानीत इंजिनिअरिंगच्या शाही मदरशात शिकवायला आला. युद्धानंतर तो तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात गेला. हाताशी महागडी यंत्रे नव्हती. साध्यासुध्या सामानातून त्याने प्रयोगाची उपकरणे बनवली आणि माती व पाणी यांच्यातला व्यवहार मोजला. त्याचे पुस्तक १९२५ मध्ये व्हिएन्नात निघाले आणि मृदायांत्रिकी या शास्त्राची बुनियाद घातली गेली. त्याचे मुख्य सूत्र सोपे आहे. मातीवरचा भार कण आणि पाणी यांच्यात वाटला जातो. पाण्याने जेवढा भार उचलला तेवढा कणांचा एकमेकांवरचा दाब कमी होतो, आणि तेवढी त्यांची पकड ढिली होते. उन्हाळ्यात दहा वर्षे उभी असलेली दरड एका रात्रीच्या पावसात का खाली येते, त्याचे उत्तर यात आहे.

पायथ्याची माती आणि माथ्यावरचा बोजा

भिंतीच्या मागची माती ढकलते, तशी भिंतीच्या पुढची, पायथ्याशी असलेली माती तिला अडवते. आणि मातीला दाबून मागे सारायचे झाले तर ती फार जोराने विरोध करते. तीस अंशांच्या मातीत ढकलण्याचा भाग एक तृतीयांश, तर अडवण्याचा तिप्पट. म्हणजे नऊपट फरक. हिशोब केला तर पायथ्याशी पाया केवळ एक मीटर मातीत गाडलेला असेल, तर ती एक मीटर माती जास्तीत जास्त २.७ टनांचा विरोध करू शकते. मागच्या तीन मीटर मातीचा रेटाही २.७ टनच आहे. पुढची एक मीटर माती मागच्या दहा फुटांना रोखण्यात केवढा वाटा उचलते पाहा. इंजिनिअर हा सगळा विरोध हिशोबात धरत नाहीत, कारण तो पूर्ण मिळायला भिंत बरीच सरकावी लागते. पण तो तिथे असतो आणि अडचणीच्या वेळी कामाला येतो.

म्हणून भिंतीच्या पायथ्याशी गटारासाठी, केबलसाठी किंवा शेजारच्या प्लॉटच्या पायासाठी खोल चर खणणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट. चर छोटा दिसतो, पण तो भिंतीच्या पायाखालची चप्पल काढून घेतो. त्यात पाणी साचले तर उरलेल्या मातीची पकडही निम्म्यावर येते.

माथ्यावरच्या बोजाचेही तसेच. भिंतीमागच्या जमिनीवर ट्रक उभे केले, विटांचे चट्टे लावले, गाठी रचल्या, तर त्या वजनाचाही एक तृतीयांश भाग भिंतीवर आडवा येतो. प्रत्येक चौरस मीटरवर १.२ टन बोजा धरला तर दहा फुटी भिंतीवर मीटरला आणखी १.२ टन रेटा. शिवाय हा रेटा भिंतीच्या मध्यावर लागतो. मातीचा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर असतो. जितका वर लागेल, तितके उलथवणे सोपे.

कंपाउंडची भिंत म्हणजे माती अडवणारी भिंत नव्हे

आपल्याकडची सर्वांत मोठी गफलत ही आहे. हद्द दाखवण्यासाठी नऊ इंची विटांची कंपाउंड वॉल बांधतात. मग एका बाजूला जमीन सपाट करायची म्हणून तिच्यामागे भराव टाकतात. हद्दीची भिंत गुपचूप माती अडवणारी भिंत बनते, आणि कोणी हिशोब करत नाही.

हिशोब असा. दहा फूट उंच, नऊ इंच जाड विटांच्या भिंतीचे वजन मीटरला साधारण १.३ टन. हे वजन भिंतीला जागेवर धरते, पण भिंत अरुंद असल्याने त्याची तरफ फार आखूड, जेमतेम साडेचार इंच. मागच्या कोरड्या मातीचा २.७ टन रेटा मात्र तळापासून एक मीटरवर लागतो. दोन्हींची तुलना केली तर उलथवणारा जोर धरून ठेवणाऱ्या जोराच्या अठरापट होतो. अशी भिंत उभी दिसते ती पायाच्या आधाराने आणि मातीच्या थोड्या चिकटपणाने. पाऊस झाला की तो चिकटपणा जातो. वजनाच्या जोरावर उभी राहणारी दगडी भिंत तळाशी उंचीच्या साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त रुंद लागते. दहा फुटाला पाच-सात फूट. आरसीसीची भिंत पातळ चालते, पण तिचा पाया मागे मातीखाली लांबवर गेलेला असतो, आणि त्याच्यावर बसलेली माती भिंतीला धरून ठेवते.

ही कागदावरची भीती नाही. २८ आणि २९ जून २०१९ च्या मधल्या रात्री पुण्याच्या कोंढव्यात वरच्या बाजूच्या निवासी संकुलाची कंपाउंड वॉल मुसळधार पावसात कोसळली. खाली शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. १५ माणसे झोपेतच गेली, त्यात लहान मुलेही होती. पोटासाठी बिहारसारख्या दूरच्या मुलखातून आलेली ही माणसे. तीन-चार दिवसांत, १ आणि २ जुलैच्या मधल्या रात्री, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंतीमागे साचलेल्या पाण्यासह भिंत वस्तीवर आली आणि सुमारे तीस जीव गेले. दोन्हीकडे जोराचा पाऊस, उंचावर साचलेले पाणी, आणि भिंतीच्या सावलीत झोपलेली गरीब माणसे. भिंत कोणाची का असेना, तिच्याखाली बहुतेक वेळा आपले मजूर किंवा दुसऱ्याचे मजूर असतात.

तळघर घेणाऱ्यांसाठी

बाजारपेठेत जागा महाग, म्हणून तळघरात माल ठेवण्याची पद्धत वाढली आहे. तळघराला भिंतीबरोबर फरशीचीही काळजी असते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी फरशीच्या वर तीन मीटर चढले, तर ते फरशीला खालून प्रत्येक चौरस मीटरवर ३ टनांनी वर उचलते. सहा इंची साध्या काँक्रीटच्या फरशीचे स्वतःचे वजन तेवढ्याच जागेत ०.३६ टन. म्हणून फरशी फुगते, तडकते आणि तडांतून पाणी वर येते. वरून टाइल्स बदलून हे थांबत नाही. तळघराची फरशी भिंतींना बांधून, पुरेशी जाड आणि सळया घालूनच करावी लागते, किंवा बाहेर पाणी गोळा करून पंपाने उपसण्याची सोय लागते. तळघर घेताना ते एकदा भर पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात सगळीच तळघरे कोरडी असतात.

काळी माती

मालेगाव, सोलापूर, बीड, परभणीकडच्या बंधूंनी एक गोष्ट अधिक पाहावी. दख्खनची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आकसून तिला भेगा पडतात. भिंतीमागे ही माती कोंबली तर पाण्याच्या रेट्यात तिच्या फुगण्याचा रेटा मिळतो. शिवाय तिच्यातून पाणी लवकर निथळत नाही. खणताना निघालेली माती तिथेच परत भरली की वाहतुकीचा खर्च वाचतो, म्हणून ठेकेदार तसे करतात. भिंतीलगत दीड-दोन फुटांचा थर तरी खडी व दगडगोट्यांचा असावा, आणि त्यामागचा भराव चांगल्या मुरमाचा, थर देऊन दाबलेला असावा. वाचवलेला हा खर्च पुढे दामदुप्पट द्यावा लागतो.

काय पाहावे, काय करावे

१. पावसाळ्याआधी वीप होलमध्ये सळई घालून ती मोकळी करावीत. नवी भिंत बांधताना चार इंची पाइप साधारण एक ते दीड मीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावेत. त्यांच्या मागे खडी असावी, नाहीतर माती येऊन तोंड बंद होते.

२. भर पावसात जाऊन पाहावे. पाणी स्वच्छ ठिबकत असेल तर ठीक. जोराचा पाऊस असून भोके कोरडी असतील तर पाणी मागे अडकले असण्याची शक्यता आहे. गढूळ पाण्याबरोबर माती वाहून येत असेल तर मागे पोकळी होत आहे.

३. माथ्यावर गटार करून वरचे पाणी भिंतीमागे मुरण्याआधीच बाजूला काढावे. मागून जाणारी फुटकी पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन ही बारमाही पावसासारखी असते.

४. भिंतीला ओळंबा लावून माप वहीत लिहून ठेवावे आणि दर महिन्याला पाहावे. तडीवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवावी. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे.

५. पोट येणे, माथा पुढे झुकणे, लांबीच्या दिशेने आडवी तड जाणे, वरच्या जमिनीला भिंतीला समांतर भेग पडणे, यांपैकी काहीही दिसले तर प्रथम तिथली माणसे हलवावीत, मग माल, मग इंजिनिअरला फोन. हा क्रम बदलू नये. वरचा बोजा उतरवावा आणि पायथ्याशी कुदळ लावू देऊ नये.

६. बांधताना स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी डिझाइन घ्यावे आणि दोन प्रश्न विचारावेत. मागे पाणी भरले असे धरून हिशोब केला आहे का? आणि सरकण्याविरुद्ध व उलथण्याविरुद्ध किती पट सुरक्षितता ठेवली? पूर्वापार रिवाज सरकण्याला दीडपट आणि उलथण्याला दुपटीचा आहे.

विम्याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, तो विषय त्यांचा. पण ज्यांनी पॉलिसी घेतली आहे त्यांनी ती वाचावी. छोट्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत जमीन खचणे व दरड कोसळणे धरलेले आहे. मात्र सदोष डिझाइन, निकृष्ट काम, भरावाच्या जमिनीचे बसणे किंवा खोदकाम यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळले आहे. म्हणजे भोके बुजवणाऱ्या माझ्यासारख्याला दावा मांडताना कठीणच.

शेवटी एक गोष्ट. कापडात दोष असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आपण गल्ल्यावर बसताना पाळतो. गोदाम भाड्याने देताना, विकताना किंवा भिंतीच्या खाली मजुरांना झोपायला जागा देतानाही तीच शिकवण लागू आहे. भिंतीला आलेले पोट प्लास्टरखाली झाकणे आणि विरलेला ताका घडीत लपवणे यात फरक एवढाच की पहिल्यात माणसाचा जीव जातो. शेजाऱ्याचा हक्क आपल्यावर मोठा आहे, आणि ज्याच्या डोक्यावर आपली भिंत उभी आहे त्याच्याइतका जवळचा शेजारी दुसरा कोण? मुनीमजींनी दोनदा सांगितले तेव्हा मी ऐकले असते तर एका दुपारच्या मजुरीत काम भागले असते. सळई आणि हातोडी घेऊन भोके मोकळी करायला एवढाच वेळ लागतो. मृगाच्या आधी एकदा आपल्या गोदामाच्या मागे चक्कर मारून या.